फलाटावरच्या पायरीचा प्रवास

ज्याला वर चढण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो, त्याच्या मनात एक संकोच दडलेला असतो. आधार देणाऱ्याने तो संकोच ओळखला नाही, तर त्याच्या साहाय्याचेही ओझे होते. साहाय्य करणे हे पुण्य खरेच. परंतु साहाय्य घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणे हे त्याहून कठीण पुण्य आहे. हे मी कोणत्याही ग्रंथातून शिकले नाही. मला अक्षरओळख नाही. मला हे माणसांच्या तळपायांनी शिकवले.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. एक हात रुंद फळी, तिला चार आखूड पाय, आणि उचलण्यासाठी मधोमध बोटे जातील एवढी खाच, एवढाच माझा देह. ज्या लहानशा स्टेशनावर मी आयुष्य वेचले, त्याचा फलाट फार बुटका होता. पॅसेंजर गाडी येऊन थांबली, की डब्याचे पायदान माणसाच्या मांडीला लागे. तरुण माणसे दांडी धरून सहज वर जात. इतरांसाठी मी होते.

मात्र जन्माने मी पायरी नव्हते. माझी फळी पूर्वी एका पॅसेंजरच्या डब्यात तिसऱ्या खिडकीजवळचे बाक होती. वीस वर्षे मी धावले. धावले म्हणण्यापेक्षा रमतगमत हिंडले म्हणावे. जलद गाडी गावे ओलांडते, पॅसेंजर गावांची विचारपूस करीत जाते. नवे लग्न झालेली जोडपी माझ्या दोन टोकांना अवघडून बसत आणि चौथ्या स्टेशनापर्यंत नकळत मधोमध येत. नोकरी सुटलेला एक गृहस्थ, घरी गेल्यावर बोलायचे एकच वाक्य ओठांतल्या ओठांत सहा स्टेशने घोकत राहिला होता. उतरताना ते तो तिथेच विसरून गेला असावा, असे त्याच्या पावलांवरून वाटले. एकदा भाजीवाली बाई दमून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून तो स्वतःचे स्टेशन आले तरी उठला नाही. पुढच्या स्टेशनावर उतरून तो रुळांच्या कडेने चालत मागे गेला. असे प्रवास मी अंगावर वागवले आहेत.

पुढे तो डबा मोडीत निघाला आणि त्याची लाकडे जळणासाठी स्टेशनामागे येऊन पडली. तेथून मला उचलले ते स्टेशनाच्या पोर्टरने.

हा पोर्टर म्हणजे घंटा वाजवणारा, निशाण दाखवणारा, कंदील पुसणारा आणि सामान उचलणारा एकटा माणूस. गाडी येताच तो फलाटभर हाकारत फिरे, “चला, चला, दोनच मिनिटं थांबते!” त्यामुळे सारे त्याला ‘दोनमिनिटे’ म्हणत, आणि त्याच्यामागे ‘दोनमिनिट्या’. त्याचे खरे आडनाव स्टेशनमास्तरांनाही हजेरीच्या वेळीच आठवत असे.

त्याने मला का उचलले, ते सांगण्यासाठी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची ओळख करून द्यायला हवी.

स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात त्या राहत. गळ्यात मापाची फीत, बोटात अंगुस्तान, आणि जिभेला सुईसारखे टोक. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांची थोरली बहीण, अक्का, मोठ्या गावी राहत असे. अक्काही पूर्वी याच घरात होती. परंतु मी पायरी होण्याच्या चार वर्षे आधी, याच फलाटावर पॅसेंजरमधून उतरताना, तिने पाय खाली टाकला आणि पायाखाली जमीन आलीच नाही. खुब्याचे हाड मोडले. मोठ्या गावच्या इस्पितळात नेले, तिथे हाड सांधले, पण मन सांधले नाही. इस्पितळामागेच एक खोली घेऊन ती तेथेच राहिली. मोटारीच्या पायऱ्या तर गाडीहूनही उंच. मावशी दर मंगळवारी पॅसेंजरने बहिणीकडे जात, संध्याकाळी परत येत, आणि निघताना प्रत्येक वेळी विचारत, “येतेस ना घरी?” अक्का प्रत्येक वेळी म्हणे, “पुढच्या खेपेला.” दोघींच्या आयुष्यातला हा एकच प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर दर आठवड्याला पुढे ढकलले जात होते.

पुढे मावशींचाही गुडघा दुखू लागला. एका मंगळवारी त्यांना चढायला वेळ लागला, तेव्हा दोघा धडधाकट माणसांनी “हात वर करा, उचलतोच तुम्हाला,” म्हणत त्यांना काखेत धरून, पोते चढवावे तसे डब्यात चढवले. त्या दोघांचा हेतू चांगलाच होता. पण डब्यात कोणीतरी फिसकन हसले. मावशी, ज्या कोणाचे ऐकून घेणाऱ्या नव्हेत, त्या प्रवासभर एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्या मंगळवारी फलाटावर येत, पायदानाकडे पाहत, आणि ओळखीच्या प्रवाशाच्या हाती अक्कासाठी पिशवी देऊन घरी परतत. पिशवी जाई, मावशी मागे राहत. असे आठ महिने चालले. दोनमिनिट्याने ते पाहिले. निशाणाच्या काठीने त्याने पायदानाची उंची मोजली, काठीवर नखाने खूण केली, आणि चार दिवस रिकाम्या वेळात ठोकठाक करून मला घडवले.

पुढच्या मंगळवारी त्याने मला पायदानाखाली ठेवले आणि तो डोके खाजवत म्हणाला, “मावशी, ही पायरी डुगडुगते का, जरा बघता का? माझं वजन कमी, मला कळत नाही.”

“म्हणजे माझं जास्त, असं म्हण की.”

“तसं नव्हे हो. दोनच मिनिटं थांबते गाडी, वाद नको.”

एवढे बोलून त्याने पाठ फिरवली आणि तो दूरच्या सिग्नलकडे असा निरखून पाहू लागला, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. फलाटावर मावशींकडे पाहणारे कोणी उरले नाही. त्यांनी माझ्यावर पाऊल ठेवले, दुसरे पायदानावर, आणि त्या डब्यात होत्या. दारातून त्यांनी निकाल दिला, “डुगडुगते. चौथा पाय आखूड आहे. सुतारकाम हे तुझं काम नव्हे.”

पुढच्या मंगळवारी त्या जुन्या जाड कापडाची चार पदरी गादी शिवून घेऊन आल्या. दोनमिनिट्याने ती माझ्या चौथ्या पायाखाली ठोकून बसवली. मी डुगडुगायची थांबले. आभार दोघांपैकी कोणीच मानले नाहीत. मला वाटते, ते त्या गादीतच शिवलेले होते.

मित्रांनो, अशी सात वर्षे गेली. दिवस भरत आलेल्या लेकी, पायाला पट्टी बांधलेले गवंडी, नातवाला कडेवर घेतलेले आजोबा, सारे माझ्यावरून गेले. दोनमिनिट्याची रीत कधी बदलली नाही. मला ठेवायचे, स्वतः एकदा वर उभे राहून पाहायचे, आणि पाठ फिरवून सिग्नल न्याहाळायचा. कोणी हात मागितला तरच हात द्यायचा. लोक माझी स्तुती करीत. “काय सोय केलीये,” असे म्हणत. पण वर चढलेला माणूस खाली पाहत नाही. त्याला खिडकी हवी असते. याचा विषाद मी मानला नाही. एकच खंत मात्र होती. पूर्वी डब्यात बसून मी एवढे हिंडले, आणि आता रोज गाडीच्या दारापर्यंत जाऊन मागे राहत होते.

ती खंत एका चुकीने फिटली.

तो मंगळवार बाजाराचा होता. फलाटावर गठ्ठे, टोपल्या, पिंजऱ्यातली बदके यांची दाटी झाली होती. दारात एक लठ्ठ कापडवाला उभा राहून सर्वांचे सामान वर ओढून घेत होता. परोपकाराची त्याला हौसच होती. मावशी चढल्या, गार्डची शिट्टी झाली, दोनमिनिट्या अजून सिग्नलकडेच पाहत होता. आणि कापडवाल्याने वाकून मला खाचेत धरले आणि सरळ डब्यात घेतले. गाडी हलली.

“मावशी, तुमचं स्टूल खालीच राहिलं होतं. घ्या.”

“अहो, ते माझं नाही.”

“तुमच्याच पायाखाली होतं की.”

“पायाखाली होतं म्हणून माझं? मग फलाटही घ्या वर.”

खिडकीबाहेर दोनमिनिट्या निशाण हातात घेऊन धावत होता. त्याला मी त्याआधी कधी धावताना पाहिले नव्हते. मग तो मागे पडला, आणि डब्यात सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणाले, साखळी ओढा. दुसरा म्हणाला, साखळी ओढायला कुणी माणूस पडलंय का? तिसऱ्याचे मत पडले की मला खिडकीतून खाली टाकावे.

“आणि कुणाच्या डोक्यात बसलं तर?” मावशी म्हणाल्या. “कुणी हात लावायचा नाही तिला.” आणि मला दोन बाकांच्या मध्ये ठेवून त्या माझ्यावरच बसल्या. कापडवाला ओशाळून आपल्या गठ्ठ्यावर बसला.

कितीतरी वर्षांनी मी डब्याचा हेलकावा अनुभवत होते. रुळांचा तो ठेका माझ्या फळीच्या रेषारेषांत साठलेला होता. तो जागा झाला. तिसऱ्या स्टेशनावर तिथला कारकून डब्यांतून डोकावत आला. आमच्या मास्तरांनी तार केली होती.

“इथं कुणी पायरी पाहिली का, पायरी? लाकडी, चार पायांची.”

“पळून आली का घरातून?” पत्ते खेळणारा एक जण म्हणाला.

“इथं आहे,” मावशी जागच्या न हलता म्हणाल्या. “माझ्या ताब्यात.”

“द्या इकडे. उलट गाडीनं पाठवतो.”

“मागे माझी छत्री तुम्ही उलट गाडीनंच पाठवली होती. ती अजून येतेय. संध्याकाळी मी स्वतः घेऊन येते म्हणून कळवा. ओरखडा येणार नाही म्हणावं.”

मोठ्या गावचा फलाट डब्याला समतल होता. तेथे माझी गरज नव्हती. पण मला स्टेशनावर सोडून जायला मावशी तयार होईनात. शेवटी कापडवाल्याने, प्रायश्चित्त म्हणून, मला खांद्यावर घेतले आणि इस्पितळामागच्या त्या खोलीपर्यंत पोहोचवले.

अक्का काठी टेकून दारात उभी होती. तिचे बोलणे मावशींहून सावकाश, पण धार तीच. “हे काय आणलंस?”

“चुकून आली.”

“तुझ्या हातून चूक?”

“माझ्या हातून, अक्का,” कापडवाला म्हणाला. मला खाली ठेवून त्याने घाम पुसला आणि पुढे काही विचारले जाण्याच्या आत तो निघून गेला.

माझ्याविषयी अक्काने सात वर्षे ऐकले होते. ऐकून ती दर वेळी म्हणे, “तू सांगतेस ते पटतं गं, पायाला पटत नाही.” आता तिने काठीने मला आडवे पाडले, जसे कोणी भाजी घेताना उलटून पाहावे. माझा चौथा पाय वर आला. ती खाली वाकली.

“हा टाका कुणाचा?”

“तुझाच. तू शिकवलेला.”

“दुहेरी फास आहे. सैल पडला नाही?”

“सात वर्षं झाली. रोज माणसं चढतात त्याच्यावर.”

मावशींनी मला सरळ करून कपाटापुढे ठेवले. मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या, बहिणीकडे पाठ केली आणि गळ्यातली फीत काढून पडदा मोजू लागल्या. ती पाठ मी ओळखली. तसे उभे राहणे त्या आमच्या फलाटावर शिकल्या होत्या.

माझ्या फळीवर एक पाऊल आले आणि निघून गेले. ते थंड होते. पुन्हा आले, थोडे थांबले, पुन्हा गेले. खिडकीशी मावशी तोच पडदा दुसऱ्यांदा मोजत होत्या. तिसऱ्या वेळी अक्काने कपाटाची कड धरली, श्वास घेतला, आणि दोन्ही पावले माझ्यावर उभी राहिली. त्या पावलांमध्ये अकरा वर्षांचे भय होते, मित्रांनो. एवढे वजन मी कधी पेलले नव्हते. पण चौथा पाय हलला नाही.

“वरच्या फळीवर केवढी धूळ आहे,” अक्का म्हणाली. “अकरा वर्षं दिसलीच नाही.”

मावशी वळल्या नाहीत.

“आणि माझी पिशवी इथंच आहे. इथं येताना आणलेली.” ती खाली उतरली, पुन्हा चढली, पिशवी काढून पुन्हा उतरली. “पडदा मोजून झाला असेल तर इकडे बघ. ही पायरी आज परत जायची का?”

“जायलाच हवी. उद्या कुणाला तरी लागेल.”

“मग मीही आजच येते. उद्या माझा पाय पुन्हा विचार करायला लागेल.”

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये दोघी बहिणी शेजारी बसल्या. मी त्यांच्या पायांशी होते. कापडवालाही त्याच डब्यात होता. गठ्ठे विकले गेल्याने तो खुशीत होता, पण मावशींच्या धाकाने गप्प होता. आमचे स्टेशन जवळ आले तशी अक्काने पिशवी मांडीवर घट्ट धरली. नंतर तिने बहिणीचा हात धरला.

गाडी थांबली. दोनमिनिट्या फलाटावर उभाच होता. कापडवाल्याने मला खाली दिले. दोनमिनिट्याने मला उलटसुलट करून पाहिले, आपल्या बाहीने पुसले, पायदानाखाली ठेवले, स्वतः वर उभे राहून पाहिले, आणि मग दारातल्या अक्काकडे त्याचे लक्ष गेले. अकरा वर्षांपूर्वी तिला याच फलाटावरून उचलून नेणाऱ्यांत तो होता. त्याने पाठ फिरवली. सिग्नल हिरवा झाला होता.

अक्काने दांडी धरली. तिचे पाऊल पायदानावरून पुढे आले आणि हवेत थांबले. खाली मी होते, हे तिला ठाऊक होते. पण त्या जागेला दुसरेच काही ठाऊक होते. पाऊल मागे गेले. एक मिनिट गेले. दुसरे गेले. मागे मावशी उभ्या होत्या. त्यांनी ना हात लावला, ना शब्द काढला.

“काय रे दोनमिनिटे, सोडायची ना गाडी?” गार्डने शेवटच्या डब्यातून विचारले.

दोनमिनिट्याने मागे न वळता बगलेतले लाल निशाण काढले आणि उघडून धरले. आयुष्यभर फलाटावर घाई पेरणारा तो माणूस सिग्नलकडे पाहत हलकेच म्हणाला, “सावकाश, अक्का. गाडी थांबलीये.”

कापडवाल्यानेही कोणाला मदत केली नाही. त्याच्या दृष्टीने ते फार मोठे तप होते. मग ते थंड पाऊल माझ्यावर उतरले. दुसरे आले. क्षणभर ती माझ्यावर उभी राहिली, आणि नंतर जमिनीवर.

पाच मिनिटे झाली होती. लाल निशाण गुंडाळले गेले, गाडी सुटली. अक्काने श्वास घेतला आणि विचारले, “अजून तुम्हाला दोनमिनिटेच म्हणतात का?”

“हो.”

“नाव बदला.”

त्या संध्याकाळी दोघी बहिणी आपल्या घरी गेल्या, आणि मंगळवारचा तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा लागला नाही.

मित्रांनो, यानंतरचे माझे आयुष्य थोडक्यात सांगते. काही वर्षांनी फलाट उंच झाला. ते योग्यच झाले. आता कोणाचे हाड मोडणार नाही, याहून मोठे सुख पायरीला कोणते? पण माझे काम सरले. कंदिलांच्या खोलीमागे, फुटक्या बादलीशेजारी मी पडून राहिले. पावसाने फळी फुगली, उन्हाने तडकली. ज्यांनी माझी स्तुती केली होती, ते माझ्यावरून नजर नेत आणि त्यांना मी दिसत नसे.

मग एके दिवशी दोनमिनिट्या नोकरीतून निवृत्त झाला. मास्तरांनी विचारले, आठवण म्हणून काय देऊ? त्याने मला मागितले. काखेत धरून त्याने मला मागच्या गल्लीत नेले आणि मावशींच्या उंच उंबऱ्यापुढे ठेवले. चौथ्या पायाची गादी कुजली होती. अक्काने चष्मा लावून नवी शिवली; टाका तोच, दुहेरी फासाचा.

आता मी त्या दारात असते. दोनमिनिट्या रोज दुपारी चहाला येतो. अलीकडे त्याचाही गुडघा कुरकुरतो, पण तो तसे म्हणत नाही. तो माझ्यापाशी येऊन थबकला, की आतून अक्का म्हणते, “लिंबाला फळ धरलंय का गं, बघू.” आणि दोघी बहिणी मागच्या दारातल्या लिंबाकडे पाहत उभ्या राहतात. त्याने चौकट धरावी, माझ्यावर पाय ठेवावा, आत जाऊन खुर्चीत टेकावे, तोवर त्या लिंबाचे एकेक पान निरखतात. खुर्ची करकरली, की मग वळतात. “आलास होय? कळलंच नाही,” मावशी म्हणतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकण्यापूर्वी एकदा त्यांचा चौथा पाय उलटून पाहत जा. कोणाचा तरी टाका तिथे असतो. आणि कोणाला आधार द्याल तेव्हा हात जरूर तयार ठेवा, पण नजर क्षणभर सिग्नलकडे असू द्या.

जे चढत आहेत, त्यांच्या पायांना बळ मिळो. जे उतरत आहेत, त्यांच्या पायांखाली भूमी येवो. आणि जे पाठ फिरवून उभे आहेत, त्यांच्यासाठी, त्यांची वेळ येईल तेव्हा, कोणीतरी लिंबाकडे पाहत उभे राहो.